उताराचं फिटिंग

शिवणकाम करणाऱ्या मास्तरांच्या दुकानाला एकच पायरी होती, जेमतेम अर्ध्या वितीची. तिच्यापायी नगरपालिकेच्या कार्यालयातून पत्र आलं: महिनाभरात चाकांच्या खुर्चीसाठी उतार करा, नाहीतर दुकानाला कुलूप. गवंड्याने सिमेंटच्या उताराचा खर्च सांगितला, तेव्हा मास्तरांच्या ओठांतल्या टाचण्या खाली सांडल्या.

"वर्षातून एक खुर्ची येते आपल्याकडे," ते करवादले. "शाळेतल्या बाईंची. त्यांचं माप मी रस्त्यावर जाऊन घेतोच की!"

"पायरी असल्यावर दुसरी खुर्ची येईल कशी?" काजं करता करता बायको म्हणाली. "आणि भर रस्त्यात कंबरेचं माप द्यायला तुम्हाला आवडेल का हो? बाई म्हणत होत्या, यंदाचा कोट शेवटचा. पुढच्या वर्षी मोठ्या दुकानात जाईन."

मास्तर चपापले. बाई म्हणजे पंचवीस वर्षांचं गिऱ्हाईक, तेही शिलाई उलटी करून तपासणारं! विषय बदलायला त्यांनी नेहमीचं काढलं. "माझी छोटी कात्री कुठे टाकलीस?"

"मी नाही हात लावला."

"मग काय, तिला पाय फुटले?"

बायकोने पत्र तेवढं उलटं करून पुढे सरकवलं. लहान दुकानाला काढता-घालता येणारी भक्कम फळी चालेल, असं मागे स्वच्छ लिहिलं होतं.

फळी एकच होती, कटिंगच्या टेबलाची. ती काढताना मास्तरांचा जीव वरखाली झाला. पण एकदा हातात घेतलेलं काम ढिसाळ करणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. बाईंच्या दारी जाऊन त्यांनी टेपने खुर्चीचं माप आणलं आणि फळीवर दोन्ही बाजूंना स्क्रूने कठडे बसवले, खुर्चीच्या अगदी अंगाबरोबर.

ट्रायलच्या दिवशी बाई उतारावर चढल्या आणि मध्येच थांबल्या. चाकं फिरवणारी बोटं कठड्यांना घासत होती.

"मास्तर, फिटिंग झकास आहे," बोटं चोळत बाई म्हणाल्या. "पण माझे हात काय घरी ठेवून येऊ?"

बायको पदरात तोंड लपवून हसली. मास्तरांचे कान लाल झाले. चाळीस वर्षांत एकाही कोटाला ते हात विसरले नव्हते! त्यांनी मुकाट्याने स्क्रू काढले आणि कठडे फळीच्या पार कडेला नेऊन बसवले.

या खेपेला बाई कोणाच्या मदतीशिवाय वर आल्या. पहिल्यांदाच दुकान आतून पाहत होत्या. पडद्यामागे जाऊन कोट घालून आल्या, आरशात वळून पाहिलं, बाही उलटून शिलाई तपासली.

"पुढच्या वर्षीचं कापड इथेच आणीन," त्या म्हणाल्या. मग खुर्चीतूनच मान जरा वाकवून मशीनकडे पाहत राहिल्या. "मास्तर, त्या पायडलमागे कात्री पडलीय, ती तुमचीच का?"

मास्तरांनी बायकोकडे न पाहता वाकून कात्री उचलली. काजाचा दोरा तोडायला तिने हात पुढे केला, "द्या की इकडे."