वातींचा कापूस

नवरा गेला तेव्हा मी रडले नाही. गल्लीतल्या बायका दोन दिवस माझ्या तोंडाकडं बघत बसल्या आणि शेवटी कंटाळून आपापल्या घरी गेल्या. ह्यांची थोरली बहीण, आक्का, दंडाला धरून मला गदागदा हलवत म्हणाली, "रड की गं संयोगिता. न्हाईतर आत साठून ऱ्हाईल." मी तिच्याकडं नुसती बघत होते. दारात चपलांचा ढीग पडलाय, येणाऱ्याजाणाऱ्याच्या पायात येतोय, तो नीट लावायला पाहिजे, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

त्याला दोन वर्षं झाली. साठलं असेल तर कुठं साठलं ते मला काही सापडलं नाही. सकाळी उठते, चहा टाकते, सुनेचा, स्नेहलचा, डबा करते, दुपारी टीव्हीपुढं लसूण सोलत बसते. मालिकेतली बाई धाय मोकलून रडते, मी लसूण सोलते. आमटीत मीठ जास्त पडलं तरी मला कळत नाही. स्नेहल सांगते तेव्हा कळतं.

कळत होती ती फक्त एक दाढ. भडंग खाताना उजवीकडची खालची दाढ तुटली आणि तिची धार गालाला आतून घासायला लागली. घासून घासून तिथं जखम झाली. जीभ सारखी तिकडंच जायची. लवंग धरून बघितली, मिठाच्या गुळण्या केल्या, सोडलेली मिश्री पुन्हा सुरू केली. मिश्री लावली की घटकाभर ठणका बसायचा आणि मग दामदुपटीनं उठायचा. महिना गेला, जखम काही भरेना. मी घरात कुणाला पत्ता लागू दिला नाही. ह्यांचंही असंच गालातून सुरू झालं होतं.

आमचे हे एसटीत ड्रायव्हर. धुक्यात पुढचं पाऊल दिसत नसताना करूळ घाटातून गाडी खाली उतरवायचे आणि घरी येऊन 'आज जरा धुकं हुतं' एवढंच सांगायचे. मिशा अशा, की नातेवाइकांची पोरं जवळ यायला बिचकायची. रिटायर झाल्यावर तंबाखू-चुना वाढला. एक दिवस गालात पांढरा चट्टा दिसला म्हणून मीच त्यांना राजारामपुरीत दातांच्या डॉक्टरकडं घेऊन गेले. डॉक्टर मधुवंती, चाळिशी ओलांडलेली बाई. हे आत गेले, मी बाहेर बसले. दहा मिनिटांनी बाहेर येऊन म्हणाले, "काय न्हाई. औषध भरायला लागतंय. चार-पाच बारी यायला लागंल, मी येतो माझा माझा."

मग दर आठ-पंधरा दिवसांनी हे स्कूटर काढून जायचे आणि गालात कापसाचा बोळा धरून परत यायचे. बोलायचे नाहीत. तोंडाकडं बोट दाखवायचे, की औषध भरलंय, बोलायला मनाई आहे. मी लगेच शिरा करायला घ्यायचे. साजूक तुपातला, केळं घालून, पाहुण्यासाठी करावा तसा. शिरा मात्र बोळा काढून चवीनं खायचे. त्याच दिवसांत देवघरातला वातींचा कापूस सारखा संपायचा. एवढ्या वाती करते कुठं म्हणून मी स्नेहलला दोनदा बोललेसुद्धा.

दिवाळीला ह्यांच्या मानेला गाठ आली. मोठ्या दवाखान्यात नेलं, तिथं सांगितलं, उशीर झाला. पुढच्या आखाडात हे गेले. दिवस घालायला आलेल्या आक्कानं सगळ्यांदेखत निकाल दिला, "हत्यार लागलं. निजलेल्या नागाला त्या बाईनं डिवचलं. न्हाईतर माझा भाऊ आज हिंडता-फिरता असता." हत्यार लागलं की हा रोग पसरतो, असं आमच्याकडं शहाणीसुरती माणसंही म्हणतात. मलाही ते पटलं. पटवून घेणं सोपं होतं, राग धरायला एक माणूस मिळत होतं. तेव्हापासून राजारामपुरीत गेले की त्या दवाखान्याच्या अलीकडं मी रस्ता ओलांडायचे.

आता माझ्याच गालात जखम. दाखवायला जावं तर हत्यार लागणार, न जावं तर आतल्या आत वाढणार. इकडं आड तिकडं विहीर. खरं सांगायचं तर मरणाची भीती मला फारशी वाटत नव्हती. त्या खुर्चीवर आडवं होऊन तोंड उघडायचं आणि ती बाई आत बघून गप्प होणार, त्या गप्प होण्याचीच भीती होती.

स्नेहलनं पकडलं. मी चपाती दुधात कुस्करून खात होते.

"आई, गेले कितीतरी दिवस बघतीय मी. तोंड उघडा."

"तू माझी सासू हाईस काय?"

"उघडा म्हटलं न्हवं."

उघडलं. मोबाइलच्या उजेडात तिनं आत बघितलं आणि ती गप्प झाली. हिच्या गप्प होण्यानं मला जे व्हायचं ते होऊन गेलं. "उद्या जायचं," ती म्हणाली. "शाहूपुरीत एक नवीन डॉक्टर हाईत, चांगलं नाव हाय त्यांचं."

"नवीन-बिवीन काय न्हाई. जायचं तर त्या मधुवंतीकडंच."

मला त्या बाईला तोंडावर विचारायचं होतं, माझ्या माणसाला काय केलंस म्हणून. भांडायला जायचं ठरलं की मला भीती कमी वाटते, माहेरचीच सवय आहे.

दुसऱ्या दिवशी स्नेहल मला दवाखान्याच्या दारात सोडून गाडी लावायला जागा शोधत पुढं गेली. मी एकटीच वर गेले. दाराजवळच्या खुर्चीवर बसले, उठायला सोपी म्हणून. भांडायचं सगळं ठरवून आले होते, पहिलं वाक्यसुद्धा. तेवढ्यात आतून त्या मशीनचा आवाज सुरू झाला. सूंऽऽ करून, थांबून, पुन्हा. तळहाताला घाम आला, तो मी पदराला पुसला. पहिलं वाक्य काय होतं तेही आठवेना. मशीन थांबल्यावर मी उठले आणि दाराच्या मुठीला हात घातला.

"काकू, कुठं निघालात?"

मधुवंती स्वतःच बाहेर आली होती, तोंडावरचा मास्क खाली ओढून.

"सून गाडी लावायला गेलीय. बघून येते."

तिनं मुठीवरच्या माझ्या हाताकडं बघितलं. मग हळूच म्हणाली, "तुमचे मिस्टरही असंच म्हणायचे. गाडी नीट लावून येतो."

माझा हात मुठीवरच राहिला. "कवा म्हणायचे?"

"दर वेळी. इथंच बसायचे, ह्याच खुर्चीवर. नंबर जवळ आला की गाडी नीट लावून येतो म्हणून जायचे, ते परत यायचेच नाहीत. एकदा मी जिन्यावरून हाक मारत खाली गेले. स्कूटर चालू करून बसले होते. म्हणाले, डॉक्टर, सोमवारी नक्की."

"मग तुम्ही औषध कवा भरलं?"

"कसलं औषध?" ती म्हणाली. "पहिल्या दिवशी आरशानं फक्त बघितलं मी. बारीकसा तुकडा काढून तपासायला पाठवू म्हटलं. म्हणाले, घरी विचारून येतो. त्यानंतर ते आतच आले नाहीत, काकू. मी तुमच्या घरी फोनही लावला होता, त्यांनीच उचलला."

"तोंडात कापूस असायचा त्यांच्या."

"आमच्याकडचा नाही."

वातींचा. देवघरातला. जिन्यात किंवा कोपऱ्यावरच्या चहाच्या गाड्यामागं उभं राहून खिशातला कापूस गालात कोंबणारा माझा मिशाळ नवरा मला दिसला. मी एवढे शिरे केले. तूप आटवून, वेलदोडे कुटून. घाटात न भ्यालेला माणूस हातभर लांबीच्या ह्या खोलीत भ्याला आणि भ्यालो म्हणून मला सांगायला लाजला. मला तेव्हा काय वाटलं म्हणाल, तर काहीच नाही. कानांत सूंऽऽ आवाज होता तेवढा, आणि मशीन तर बंद होतं.

"चला," मधुवंती म्हणाली. तिनं माझा हात मुठीवरून सोडवला आणि तो न सोडता मला आत नेलं.

बीपी बघितलं, साखर आहे का विचारलं. मग आरसा घालून आत बघितलं. ती गप्प होईल म्हणून मी डोळे मिटले होते, पण ती बोलतच होती. "ही बघा, दाढेची धार. रोज इथंच घासतेय, म्हणून जखम भरत नाहीये. बहुतेक तेवढंच असावं. पण बहुतेकवर सोडायचं नाही. आज दाढ काढू. पंधरा दिवसांनी जखम दाखवायला यायचं. भरली नसेल तर तुकडा काढून तपासायचा. त्यानं काही पसरत नाही, पसरतं ते वाट बघत बसल्यानं. याल?"

मी मान हलवली.

"आता इंजेक्शन देते. टोचेल जरासं, मग ही बाजू बधिर होईल."

बाकीची मी मागंच झालीय, मी मनात म्हटलं. टोचलं ते मुंगी चावावी तेवढं. हळूहळू ओठ जड झाला, गाल माझा नसल्यासारखा झाला. तिनं दाढ हलवली तेव्हा कुणीतरी शेजारच्या घरात कपाट सरकवतंय असं वाटलं. "झालं," ती म्हणाली. मला विश्वासच बसेना. एवढ्यासाठी? एवढ्यासाठी माणूस जीव घालवून बसला? तिनं जखमेवर कापसाचा बोळा ठेवला आणि म्हणाली, "घट्ट चावून धरा. अर्धा-पाऊण तास बोलायचं नाही."

दोन वर्षं जिच्यावर राग धरला, जिच्याशी भांडायला आले, तिच्यापुढं माझ्या तोंडात बोळा होता. मी दोन्ही हात जोडले.

घरी आल्यावर स्नेहलनं गार केलेला शिरा पुढं ठेवला. दवाखान्यात मला काय कळलं ते तिला कुठं माहीत होतं. बोळा काढून मी एक चमचा खाल्ला, डाव्या बाजूनं. ह्यांच्या फोटोकडं बघून म्हटलं, "भित्रट कुठला." अर्धा ओठ बधिर, शब्द धड निघाला नाही. शिरा गोड होता की अगोड, ते मात्र काही कळलं नाही.

पंधरावा दिवस उजाडायच्या आदल्या संध्याकाळी आक्का आली. वारणानगरहून एसटीनं, पिशवीत मक्याची कणसं घेऊन. स्नेहलनं तिला फोनवर सांगितलं असणार. चप्पल काढायच्या आधीच तिनं विचारलं, "लागलं का हत्यार?"

"व्हय, लागलं. आन् हाय मी अजून," मी म्हणाले. "तुमच्या भावाला लागलंच न्हवतं, आक्का. लागू दिलं न्हाई म्हणून गेला."

ती तिथंच उंबऱ्यावर बसली. मी सगळं सांगितलं, खुर्ची, गाडी नीट लावून येतो, सोमवार, कापूस. ती भांडेल असं वाटलं होतं. ती पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत, सोडत, पुन्हा गुंडाळत राहिली.

"शाळंत टोचायला आलं की पळून जायचा," मग ती म्हणाली. "वैरणीच्या गंजीमागं लपायचा. सगळी पोरं टोचून घ्यायची आन् ह्यो गायब. मग मीच जायचे हुडकायला. हाताला धरून आणायचे, मांडीवर घिऊन बसायचे, मग घ्यायचा टोचून. एक आवाज काढायचा न्हाई."

मी तिच्याशेजारी उंबऱ्यावर बसले.

"ह्या बारीला कुणी हुडकायलाच गेलं न्हाई की गं त्याला," आक्का म्हणाली.

सकाळी ती माझ्याबरोबर निघाली. "मी येतीया. पळालीस तर बघ," म्हणाली. दवाखान्यात गेल्यावर तिनं हळूच विचारलं, "कंच्या खुर्चीवर बसायचा?" मी दाराजवळची दाखवली. ती जाऊन तिच्यावर बसली, पदर नीट करून, पाय जवळ घेऊन. माझं नाव पुकारलं. मी आत गेले.

मधुवंतीनं आरसा घातला, दिवा जवळ ओढला, बोटानं गाल दाबून बघितला. "भरली," ती म्हणाली. "छान भरलीय. मिश्री मात्र बंद. आणि सहा महिन्यांनी पुन्हा दाखवायला यायचं." मी बरं म्हणाले, पदर सारखा केला आणि बाहेर आले.

आक्का त्या खुर्चीवर तशीच बसली होती. शेजारच्या रिकाम्या खुर्चीवर तिनं एक हात ठेवला होता, पोरगं उठून जाऊ नये म्हणून ठेवतात तसा. तो हात बघितला आणि माझ्या तोंडातून असा आवाज निघाला, की मलाच ओळखू आला नाही. मी तिथं फरशीवरच बसले. नंबर लावून बसलेली माणसं उभी राहिली. मधुवंती मास्क ओढत धावत बाहेर आली आणि माझ्यापुढं उकिडवी बसली.

"काकू, काय झालं? जखम तर भरलीय. दुखतंय का?"

"व्हय," मी म्हणाले. "दुखतंय."