पाण्याकडचा कोन

"हा तीस चुकला का बरोबर, एवढंच सांगा, मॅडम," यादोराव म्हणाला आणि घड्यांवर विरत चाललेली झेरॉक्स त्याने माझ्या टेबलावर पसरली.

ती नूतनच्या दहावीच्या उत्तरपत्रिकेची होती. नूतन त्याची एकुलती मुलगी, माझी विद्यार्थिनी. सहा वर्षांपूर्वी गणितात दोन मार्कांनी गेली, तेव्हा तिनेच बोर्डाकडून ही प्रत मागवली होती. गेल्या पोळ्याला पहिल्या बाळंतपणात ती वारली. सासरहून तिची पेटी परत आली, तिच्यात हा कागद निघाला.

ज्या दोन मार्कांवर ती गेली, तो प्रश्न अगदी सोपा होता. समद्विभुज समलंब चौकोन, पायाचा एक कोन पंचेचाळीस अंश, उरलेले तीन काढा. तिरप्या बाजू सारख्या, म्हणजे पायाचा दुसराही पंचेचाळीसच आणि वरचे दोन्ही एकशे पस्तीस. पोरीने दुसरा तीस लिहिला होता. तेव्हा मला तिचा संताप आला होता. पुन्हा परीक्षेला बस म्हणून मी दोनदा तिच्या घरी गेले, तर माझं बरोबरच आहे म्हणून ती हटून बसली.

"तीस कुठून आणला असेल तिने?"

"म्याच सांगतलो होतो."

यादोरावाची हयात तलावांच्या पाळी, म्हणजे मातीचे बांध, घालण्यात गेली, त्याच्या आजापणज्यांचीही. तो खाली बघत सांगत राहिला. पाळ बाहेरून हाताला हात चढते, म्हणजे हातभर उंचीला हातभर पसरते. पाण्याकडून मात्र हाताला पावणेदोन हात पसरावी लागते, नाहीतर माती घसरते. परीक्षेआधी नूतन कंपासपेटी घेऊन नवेगावकडच्या बोडीवर, त्या छोट्या तलावावर, आली होती. तिने पाळीचे दोन्ही कोन मोजले, पंचेचाळीस आणि तीस. आणि हा गडी तिला म्हणाला, पाळीचे दोन्ही पाय सारखे कधीच नसतात, पुस्तक लिहिणाऱ्याने पाळ बांधली नसेल.

मी कागद पहिल्यांदाच नीट पाहिला. पंचेचाळीसच्या वर एकशे पस्तीस. तीसच्या वर एकशे पन्नास. दोन्हीकडे बेरीज एकशे ऐंशी, चोख. समांतर बाजूंमधलं सगळं तिला कळलं होतं, आणि मी तिला ढ म्हणाले होते.

"पाळीसाठी तीस बरोबर आहे, यादोराव."

"आन पेपरासाठी?"

खोटं बोलावं असं फार वाटलं. पण मी नकारार्थी मान हलवली.

"पास झाली असती तं गोंदियाले शिकाले जाणार होती," तो म्हणाला. "मंग लगन इतक्या लवकर झालं नसतं." मला रडू आवरेना, आणि तोच मला पाणी प्या म्हणाला.

मी त्याच्याबरोबर फाटकापाशी आले, तर तिथे नूतनची आई, धुरपताबाई, उभी होती. सहा वर्षं ती बोर्डाला शिव्या घालत आली होती.

"काय म्हणे मॅडम? बोर्डाचीच चूक ना?"

यादोरावाने माझ्याकडे पाहिलं नाही.

"हो," तो म्हणाला.

"म्या म्हणतच होती," म्हणत तिने तो कागद त्याच्या हातून घेतला आणि पदराच्या टोकात बांधला.