काम न केलेल्याला कुंकू नाही

सुरेंद्र गुरुजी माणूस म्हणून चांगले, शिकवतातही बरे, पण त्यांना कुलपाची खोड आहे, आणि ही खोड दारूपेक्षा वाईट. दारू पिणारा निदान सकाळी शुद्धीवर येतो. आमच्या शाळेत कॅरम कपाटात, नकाशे कपाटात, खडूसुद्धा मोजून बाहेर येतो. पृथ्वीचा गोल आला त्याला पाच वर्षं झाली, तो अजून प्लास्टिकच्या पिशवीत आहे. आमच्या पोरांना विचारा पृथ्वी कशी असते, म्हणतील गोल असते आणि वर गाठ मारलेली असते.

गोल राहिला असता पिशवीत, पृथ्वीवाचून माझं काही अडलं नव्हतं. पण गुरुजींनी माझ्या नातीचे डोळे कपाटात घातले, तेव्हा मात्र मला बोलावं लागलं.

मनस्वी, माझ्या संजूची मुलगी, सहावीत आहे. जन्मापासून तिला फार अंधुक दिसतं, चष्म्यानेही फरक पडत नाही. वही नाकाला टेकवून लिहिते, त्यामुळे पेनाची ओली शाई नाकाच्या शेंड्याला लागते. आज शाळेत लिखाण झालं की नाही, हे आम्हाला विचारावं लागत नाही. नाक बघितलं की कळतं.

अशा मुलांसाठी नेमलेल्या निर्मलाबाई दर मंगळवारी मुरबाडहून येतात. त्यांनीच सांगितलं की एक यंत्र मिळतं, खाली पुस्तक ठेवायचं, वर काचेवर अक्षर भाकरीएवढं दिसतं. आणि हेही सांगितलं की ग्रामपंचायतीने आपल्या उत्पन्नातल्या शंभरातले पाच रुपये दिव्यांगांसाठी खर्चायचे असतात. ते ऐकून माझ्या डोक्यात उजेड पडला. आमची पंचायत त्या पैशाच्या दरसाल चादरी वाटते. मनस्वीच्या वाट्याला सहा आल्यात. एवढ्या थंडीचं आमचं गाव नाही, घाट लागायच्या आधी, टोकावड्याच्या अलीकडेच आहे.

ग्रामसभेत बायका मागे बसतात. मी उठून खुर्च्यांच्या पुढे गेले आणि सरपंचांना विचारलं, चादर पांघरल्यावर अक्षर मोठं दिसतं का, दिसत असेल तर सातवी पण द्या. लोक हसले, सरपंचही हसले, आणि हसून झालेल्या माणसाला नाही म्हणणं जड जातं. ग्रामसेवकाने दोन वर्षांच्या चादरी रद्द करून यंत्राचा ठराव लिहिला. एवढी महाग वस्तू एका पोरीच्या नावाने नको म्हणाले, शाळेच्या नावाने घेऊ. मी मान डोलावली. तिथेच चुकलं.

गणपतीच्या आधी यंत्र आलं. नारळ फुटला, हार पडला, फोटो निघाला. निर्मलाबाईंनी पुस्तक खाली सरकवलं आणि मनस्वी काचेवरून बोट फिरवत पानाच्या कोपऱ्यापर्यंत गेली. मग म्हणाली, "आजी, पानांना नंबर असतात गो."

म्हणजे इतकी वर्षं गुरुजी पान क्रमांक सांगायचे, तेव्हा ही शेजारणीच्या पुस्तकाची जाडी बोटांनी चाचपून आपलं पान काढत होती. आणि बरोबर काढत होती.

फोटो झाला, यंत्र कपाटात गेलं. चावी गुरुजींच्या खिशात, आणि खिसा रोज संध्याकाळी मोटारसायकलवरून मुरबाडला. पोरीने मागितलं की आज लाइट कमीजास्त होतेय. उद्या मागितलं की धूळ आहे. भाद्रपदात, बाहेर पाणी कोसळत असताना धूळ. कोणी साहेब यायचा असला की मात्र मनस्वीची वेणी घालून तिला यंत्रापुढे बसवायचे, फोटो काढायचे आणि साहेबाची गाडी वळायच्या आत कपाट बंद. असं चार वेळा झालं. त्या यंत्राशी तिची ओळख म्हणाल तर तेवढीच.

नवरात्र बसलं तशी ती म्हणाली, दिवाळीनंतर शाळेत जाणार नाही, शेरडं राखीन. शेरडांना पानाचा नंबर लागत नाही. घरात सगळे हसले. मला हसू आलं नाही. मीही दुसरीतून शेरडांमागेच गेले होते. दिवाळीपर्यंतच म्हणून गेले होते.

मी गुरुजींच्या घरी मुरबाडला गेले. त्यांनी चहा केला, आणि न विचारता सगळं सांगितलं. आधी ते शहापूर तालुक्यात होते. तिथे शाळेचा टीव्ही वीज पडून जळला. वीज पडली ती आभाळातून, पण खुलासे लिहायला लागले गुरुजींना, आणि तेही चार वर्षं. अजून तो टीव्ही त्यांच्या स्वप्नात येतो. या यंत्राची नोंदही वहीत त्यांच्याच नावे आहे.

"वस्तू वापरताना मोडली तर चौकशी होते, आजी," ते म्हणाले. "न वापरता सडली तर कोणी विचारत नाही."

भांडायला गेलेल्या बाईला समोरच्याची कीव आली तर फार पंचाईत होते. मी चहा पिऊन परत आले.

घरी पूजेची ताम्हनं काढायला ट्रंक उघडली. तळाशी संजूच्या लग्नातली स्टीलची ताटं, दुकानाच्या चिठ्ठीसकट. तेरा वर्षं मी म्हणत आले की चांगले पाहुणे आले की काढू. पाहुणे आले, पोचे पडलेल्या ताटांत जेवले आणि गेले. गुरुजींची खोड मला इतकी चटकन कशी ओळखता आली, ते तेव्हा समजलं. सुनेला मात्र मी हे कबूल करणार नाही.

आमच्याकडे खंडेनवमीला अवजारं पुजतात. कोयता, विळा, संजूची करवत, सगळं घासून पाटावर मांडायचं. पण आमच्या सासूबाईंपासूनचा नियम आहे, वरीसभर ज्याने काम केलं त्यालाच कुंकू. एका साली संजूने फवारणीचा पंप आणून तसाच ठेवला होता, तो मी पाटावरून उचलून ओटीवर नेऊन ठेवला. संजू दोन दिवस फुगून बसला. गावात हे सगळ्यांना माहीत आहे.

त्याच दिवशी शाळेतही पूजा, सरपंच, निर्मलाबाई, सगळं गाव हजर. पाटीवर सरस्वती, बाजूला घंटा, झाडू, खिचडीचा मोठा डाव, आणि मधोमध गुरुजींच्या स्वतःच्या शालीवर झेंडूचा हार घातलेलं यंत्र. थोरली म्हणून तबक माझ्या हातात दिलं. मी पाटीला कुंकू लावलं, घंटेला लावलं, झाडूला लावलं, डावाला लावलं. यंत्रापाशी आले आणि हात मागे घेतला.

गुरुजी हळूच म्हणाले, "आजी, हे राहिलं."

"हे कामावर कधी आलं होतं?"

बायकांनी पदर तोंडाला लावले. सरपंच छताकडे बघायला लागले. गुरुजींचे कान लाल झाले, ते नोंदवहीचं सांगायला लागले. मी म्हटलं, वही आणा. निर्मलाबाईंकडून तिच्यात लिहून घेतलं की यंत्र रोज मनस्वी वापरेल आणि मोडलं तर त्याची जबाबदारी पंचायतीची. सगळं गाव बघत असताना सरपंचांना सही करावीच लागली. खाली मी माझी केली.

मग सुनेला खूण केली. तिने घरून आणलेल्या गोणीतून संजूच्या लग्नातली ताटं काढली, मी चिठ्ठ्या ओरबाडल्या आणि प्रसादाचा शिरा पोरांना त्यांतच वाढला. पहिलं ताट फरशीवर आपटलं तेव्हा मी ते उचलून पोचा पडलाय का बघितलं. चौथ्यापर्यंत सवय झाली. सून माझ्याकडे बघत होती, मी तिच्याकडे बघितलं नाही.

गुरुजींनी हार काढला, वायर लावली. मनस्वी यंत्राशी बसली आणि धडा वाचायला लागली, पानाच्या नंबरापासून. पोरं शिऱ्याच्या हातांनी भोवती जमली, आणि काचेवर तुपाची पाच बोटं उमटली. गुरुजींचा हात खिशातल्या रुमालाकडे गेला. मी मध्ये उभी राहिले, यंत्राला कुंकू लावलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं:

"पुसू नका गुरुजी, आज त्यानं काम केलंय. यंत्र मोडलं तर दुसरं मागायला मी ग्रामसभेत परत उभी राहीन. पोरीची शाळा मोडली तर ती मला कोणती ग्रामसभा देईल? तुमी माणूस चांगले, मास्तर चांगले, पण चावी तुमच्या हातात शोभत नाय. ती आजपासून मनस्वीच्या गळ्यात राहील. आणि कपाट उघडंच हाय, तर त्या पृथ्वीची पिशवी पण सोडा."