खाडीचा पालक

कळव्याच्या खाडीला कोर्टात माणसाचा दर्जा मिळवून द्यायचा आणि तिचा पालक म्हणून गोमाजी कोळ्याची सही घ्यायची, असा वकील योगिनीचा बेत होता. गोमाजीला त्यात काळंबेरं दिसत होतं. ठाण्यातल्या वर्तकनगरची ही बाई फुकट चिखलात चपला बुडवायला कशाला येईल? त्यात आठवडाभर त्याचं जाळं फाटून येत होतं. कुणीतरी खाडीत राडारोड्याचा भराव टाकत होतं. जाळ्यात निळ्या फुलांच्या लाद्यांचे तुकडे निघायचे. गोमाजीचा सगळ्या जगावर संशय होता.

“खाडी आमची आई हाय. आईला पालक कशाला?” घरी आलेल्या योगिनीला तो म्हणाला.

“कायद्यात ती लहान मुलासारखी, काका. तिच्या वतीने कोणीतरी बोलायला लागतं.”

पालक या शब्दाचं गोमाजीला वावडं होतं. बाप वारला तेव्हा तो पोर होता. ‘पालक घरातलाच बरा’ म्हणत चुलता पालक झाला आणि वर्षाच्या आत बापाची होडी विकून मोकळा झाला.

“सही करा ना, बाबा,” मुलगा सुदेश म्हणाला.

टेम्पो घेतल्यापासून सुदेश खाडीच्या नावाने नाक मुरडायचा. आज मात्र त्याने स्वतः वकीलबाईंना चहा आणून दिला होता. कुठेतरी पाणी मुरत होतं.

“तुला कवापासून खाडीचा एवढा पुळका?”

“तसं नाय. तक्रार कोनावर करायची ते पालकच ठरवनार. मग परका कशाला? पालक घरातलाच बरा.”

अगदी चुलत्याचेच शब्द. गोमाजी उठला आणि दारातल्या टेम्पोपाशी गेला. मागच्या फळीवर सिमेंटची धूळ होती, आणि कोपऱ्यात निळ्या फुलांची फुटकी लादी.

तो तुकडा त्याने आणून सुदेशपुढे ठेवला. सुदेशने मान खाली घातली.

“सगलेच टाकतात, बाबा.”

गोमाजीला राग आला, आणि त्याहून जास्त रडू आलं. एवढं जग संशयाने धुंडाळलं, घर तेवढं राहिलं होतं.

“पोरी, पालकाला सोताच्या मानसावर तक्रार करता येते?”

योगिनीने लादीकडे पाहिलं, मग सुदेशकडे. “करावीच लागते, काका.”

फसवायला आलेली बाई इतकं कडू उत्तर देणार नाही. गोमाजीला पहिल्यांदाच तिचा भरवसा वाटला. त्याने पेन मागून घेतलं, पण ते परत तिच्यापुढेच धरलं.

“मंग आदी तक्रारीत त्या टेम्पोचा नंबर लिही,” तो म्हणाला. “मंग मी सही करतो.”