शेवटचा फर्मा

बाइंडरच्या पोटात दुखत होतं, आणि त्याचं कारण होता साडू. वाचनालयात व्याख्यान ठरलं होतं, काऊबॉयचा एक सूडपट आणि तो ज्या कादंबरीवरून काढला ती, दोन्हींची तुलना. आणि बोलावलं कुणाला? साडूला! का, तर तो थिएटरात मशीन चालवतो आणि त्याने तो सिनेमा चाळीस वेळा पाहिलाय. कादंबरी बाइंडरने तीनदा वाचली होती, पण त्याला कोण विचारतंय? बायकोसुद्धा म्हणाली, भाऊजी बोलायला लागले की ऐकतच राहावंसं वाटतं. ते त्याला फार लागलं.

वाचनालयातली एकुलती प्रत खिळखिळी झालेली. ग्रंथपालबाईंनी सांगितलं, नीट बांधा आणि साडूंना पोचवा. बाइंडरने शिवण उसवली आणि शेवटचा फर्मा, चांगली सोळा पानं, घरातल्या टेबलाच्या खणात टाकली आणि उरलेलं पुस्तक बांधून साडूकडे पोचवलं. आधीचं प्रकरण बरोबर तिथेच संपत होतं, त्यामुळे शंका यायचं कारण नव्हतं.

सगळा जीव त्या सोळा पानांत होता. सिनेमात नायक भावाच्या मारेकऱ्याला गोळी घालतो. कादंबरीत नऊ वर्षांनी तो त्याच्या दारात पोचतो, तर म्हातारा आंधळा झालेला, पावलं ऐकून आपलाच मुलगा आला असं समजतो. नायक त्याला विहिरीचं दोन बादल्या पाणी काढून देतो आणि निघून जातो. साडू अर्धवट बोलेल, मग आपण उठून हे सांगायचं, असा बेत होता.

"सिनेमा गोळी घालून मोकळा होतो," साडू व्याख्यानात म्हणाला. "कादंबरी त्याला दारात उभा करते, हात पिस्तुलावर, आणि संपते. पुढचं आपण ठरवायचं. मी आठवडाभर ठरवतोय. रोज वेगळं ठरतं."

सभागृहात टाळ्याच टाळ्या. बायकोने डोळे पुसले. बाइंडर जळून खाक झाला, तावातावाने अर्धा उठलाही. मग त्याच्या डोक्यात प्रकाश पडला. लोक विचारणार, ती पानं गेली कुठे? आणि पुस्तक आलं होतं त्याच्याच हातून. तो मुकाट्याने खाली बसला.

घरी आल्यावर बायको म्हणाली, "अहो, तुम्ही वाचलीय ना ती? खरंच तिथेच संपते?"

आयुष्यात पहिल्यांदा तिने त्याला पुस्तकातलं काही विचारलं होतं.

"तिथेच," तो म्हणाला, आणि उघडा राहिलेला खण त्याने गुडघ्याने आत ढकलला.