कारल्यासारखा झालेला ट्रम्पेट

मित्रांनो, मी एक जुना पितळी ट्रम्पेट आहे. येरवड्याच्या पोपटराव वाघमाऱ्यांच्या वडिलांनी मला विकत घेतले. पस्तीस वर्षे मी, आधी त्यांच्या आणि मग पोपटरावांच्या ओठांवर, लग्नांत आणि जयंतीच्या मिरवणुकांत वाजलो. लोक म्हणत, "वाघमाऱ्यांचा ट्रम्पेट म्हणजे ट्रम्पेट!" मग वाघमाऱ्यांचा बँड बंद पडला आणि मी पाच वर्षे कपाटावर काळवंडत पडलो.

यंदा पोपटरावांची मुलगी मैत्री हिचे लग्न ठरले. तिने हट्टच धरला, "बाबा, तुम्हीच वाजवायचं." लग्नाला चार दिवस उरले होते. पोपटराव मला निकेलचा मुलामा चढवायला तात्यारावांच्या वर्कशॉपमध्ये घेऊन गेले.

"अहो, संध्याकाळी घेऊन जा," तात्याराव म्हणाले. "वीज वाढवली की झालं!"

त्यांनी मला निकेलचे क्षार विरघळवलेल्या गार पाण्याच्या टाकीत टांगले आणि विजेचे बटण पार शेवटापर्यंत पिळले. पाणी ढवळले नाही. निकेलचे कण धावत आले आणि जागा मिळेल तिथे, एकमेकांच्या डोक्यावर बसले. बाहेर आलो तेव्हा माझा काठ काळा पडला होता आणि अंगभर फोड होते.

पोपटराव शांतपणे म्हणाले, "तात्याराव, मी ट्रम्पेट दिला होता. कारलं नाही."

सोबत आलेल्या मैत्रीचे डोळे भरून आले. तेवढ्यात तात्यारावांची सून नीरजा आली. ती रसायनशास्त्र शिकलेली.

"बाबा, पाणी पन्नास अंशांपर्यंत तापवा, ढवळत राहा आणि वीज निम्म्यावर आणा."

"तू मला शिकवणार?"

"मी कशाला? हे कारलं शिकवतंय की."

तिने तो थर उतरवला, मला घासले, स्वच्छ धुतले आणि पुन्हा टांगले. आता कण सावकाश आले आणि शेजारी शेजारी दाटीने बसले. थर बारीक, गुळगुळीत झाला. तात्यारावांनी माझ्यात डोकावून पाहिले.

"मी एवढा म्हातारा दिसतो?"

"म्हणजे चकाकी उत्तम आली आहे," पोपटराव म्हणाले.

लग्नात बुद्धवंदना झाली आणि पोपटरावांनी मला ओठांना लावले. पहिला सूर रिक्षाच्या हॉर्नसारखा निघाला. मांडव हसला, मैत्रीही हसली. दुसरा सूर मात्र असा लागला की तिने पदर डोळ्यांना लावला.

मित्रांनो, आम्हाला घाईने चमकवू नका. आणि आठवड्यातून एकदा तरी फुंकत जा. नाहीतर आमच्यावर निकेल चढेल, पण तुमच्या सवय मोडलेल्या ओठांना कुठल्या टाकीत टांगायचे?