नाल्यावरचा रुमाल

रुमालवाली बाई आली म्हटलं की कापड रंगवणाऱ्या भल्याभल्या रंगाऱ्यांची धावपळ उडे. हे नाव त्यांनीच तिला ठेवलं होतं आणि तिला ते मनापासून आवडायचं. लहान मुलांची कापडी खेळणी शिवणारा तिचा छोटासा कारखाना होता. ती आणि तिची धाकटी जाऊ मिळून तो चालवत. कापड कुणाकडून रंगवून घ्यायचं हे ठरवताना ती कुणाच्या ऑफिसात बसत नसे की चहा घेत नसे. सरळ मागच्या बाजूला, सांडपाणी बाहेर पडतं तिथे जाई आणि पांढराशुभ्र रुमाल त्या पाण्यात बुचकळून काढी. रुमाल रंगला की व्यवहार तिथेच संपला. एवढ्याने सगळं कळत नाही हे तिलाही ठाऊक होतं, पण जो रुमालातच नापास झाला त्याच्या पुढच्या तपासण्या करायच्या कशाला? भिंतीवरच्या प्रमाणपत्रांकडे तर ती ढुंकूनही बघत नसे. "भिंतीला काय, काहीही टांगता येतं," म्हणे.

एकाच ठिकाणी तिने रुमाल कधी बाहेर काढला नव्हता, ते म्हणजे सख्ख्या थोरल्या भावाचा रंगाईचा कारखाना, जिथे तिचं कापड रंगायचं. वडील गेल्यावर दादाने तिला शिकवलं, धंद्यात उभं केलं. त्याच्या नाल्यात रुमाल बुडवायचा म्हणजे तू खोटा आहेस असं त्याला तोंडावर सांगायचं. त्यापेक्षा ती स्वतः नाल्यात उतरली असती.

पण आता जाऊने तिला कोंडीत पकडलं होतं. "ताई, आपली खेळणी घेणारं नवं दुकान विचारतंय, कापड कुठे रंगवून घेता आणि त्याचं पाणी कुठे जातं. मी काय सांगू? आमचे दादा आहेत, म्हणजे ठीकच असेल, असं?"

म्हणून भर दुपारी, न कळवता, दोघी दादाच्या दारात उभ्या राहिल्या.

"अगं, फोन तरी करायचास," दादा खुशीत म्हणाला. "बसा. चहा सांगतो."

"चहा नंतर. आधी मागे जाऊ."

दादाचं हसू ओठांवरच राहिलं. मागे जायचं म्हणजे काय, हे या धंद्यात त्याच्याइतकं कुणाला माहीत असणार? तो पुढे झाला. वाफाळणाऱ्या हौदांमधून, ओल्या फरशीवरून तिघं चालले. दांड्यांवर लाल कापड निथळत होतं. ते तिचंच होतं. कामगारांनी एकमेकांकडे पाहिलं आणि माना खाली घातल्या.

मागे सांडपाणी साफ करायची टाकी होती. मोटरचा आवाज नव्हता. टाकीच्या तळाशी वाळका पाला साचला होता, आणि शेजारून टाकलेला एक नवा पाइप थेट नाल्यात उतरत होता. तिने पर्समधून रुमाल काढला.

"तो कशाला खराब करतेस?" दादा पटकन म्हणाला.

"पाणी चांगलं असेल तर खराब कसा होईल?" जाऊने विचारलं.

बाईला आता रुमाल बुडवायची गरजच उरली नव्हती. तरी ती वाकली, कारण बाकी सगळ्यांकडे ती वाकली होती. रुमाल लालभडक होऊन वर आला.

"कधीपासून?" तिने विचारलं.

"तू भाव पाडलास तेव्हापासून." दादाचा आवाज चढला. "दादा, तेवढं जमव ना, असं माझ्या घरात बसून कोण म्हणालं होतं? मोटरची वीज, पाणी साफ करायची औषधं, गाळ उचलणारी गाडी, हे सगळं फुकट येतं? तो खर्च तुझ्या कापडावर चढवायचा नव्हता, म्हणून टाकी बंद केली. तुझ्यासाठी केलं."

तिला तो दिवस आठवला. भावाकडे हट्ट करावा तसा तिने हट्ट केला होता आणि घरी येऊन जाऊपुढे मिरवलंही होतं. एवढा कमी भाव याला परवडतो कसा, हे दुसऱ्या कुठल्याही रंगाऱ्याला तिने खोदून खोदून विचारलं असतं. तिला स्वतःचीच लाज वाटली.

"चूक माझीही आहे," ती म्हणाली. "यापुढे इतरांना लावतोस तोच भाव मला लाव. हे कापडही मी त्याच भावाने नेते आणि दुकानाला खरं काय ते सांगते. पण टाकी चालू झाल्याशिवाय पुढची ऑर्डर नाही."

"माझं नाव सांगशील?"

"विचारलं तर सांगेन."

दादा तिच्याकडे बघतच राहिला. "एवढाच विश्वास तुझा माझ्यावर?"

"विश्वासापायीच तर टाकी बंद पडली, दादा."

त्याने खिशातून फडकं काढून हात पुसले. हात कोरडेच होते, तरी बराच वेळ पुसत राहिला.

"ठीक आहे, मॅडम," तो म्हणाला. "टाकी सुरू झाली की कळवतो. तुम्ही येऊन तपासून जा."

बाकीचे रंगारी तिच्याशी अगदी असंच बोलत, आणि आपण सगळ्यांना एकच माप लावतो याचा तिला केवढा अभिमान होता. जाऊने तिचा हात घट्ट धरला. "येईन," एवढंच बाई म्हणाली. दादा तोवर आत निघून गेला होता.